पोकरच्या टेबलावरचे शकुन-अपशकुन : अनुभव धागा

दिवाळीच्या तीनपत्तीतून पोकरकडे वळलेले आपल्यात पुष्कळ आहेत, आणि पत्त्यांबरोबर शकुनही इकडे आले आहेत. ठरलेली खुर्ची, नाणं, लकी पानं, कॅट बदलून मागणं. 'मी किती जिंकलो' हे या धाग्यात नको. विधी नेमका कसा करतात, त्यातून टेबलावर काय बिघडतं आणि मुळात त्यामागे काही कारण आहे का, एवढंच लिहा. टेक्सस होल्डेम धरून चालू, म्हणजे प्रत्येकाकडे दोन झाकली पानं आणि टेबलावर सगळ्यांसाठी पाच उघडी.

नाण्यापासून सुरुवात करतो. दोन पानं आली, कोपरे उचलून पाहिली, की त्यांवर नाणं ठेवायचं. याला शकुन म्हणतात खरे, पण मुळात हे पानांचं कुलूप आहे. फोल्ड झालेली (डाव सोडून टाकलेली) पानं ओढताना डीलरच्या, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या, हाताला तुमची वर काहीच न ठेवलेली पानं लागली आणि ढिगात गेली, तर तुमचा डाव मेला. एक्क्यांची जोडी असली तरी परत मिळत नाही. डीलरच्या डाव्या-उजव्या हाताला अगदी लगत बसणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त. २००४च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेचा विजेता ग्रेग रेमर पानांवर जीवाश्माचा तुकडा ठेवायचा, त्यावरूनच त्याला 'फॉसिलमॅन' म्हणू लागले. वस्तू निवडताना ती पानापेक्षा लहान, जड आणि बसकी हवी. गणपतीची उंच मूर्ती ठेवली तर मागची पानं डीलरला दिसत नाहीत, आणि ती काढायला सांगतात. मूर्ती अशी हलवावी लागणं कुणालाच बरं वाटत नाही. धनत्रयोदशीचं लक्ष्मीचं नाणं चालतं, पण घासून लखलखीत केलेलं नको. पान वाकवताना त्यात प्रतिबिंब पडतं.

डीलिंग करणाऱ्यांच्या बाजूने

सर्वांत जास्त घोळ हातवाऱ्यांचा. 'दृष्ट लागू नये' म्हणून लाकूड ठोकायची सवय असते. पोकरमध्ये टेबलावर बोटं किंवा मूठ आपटली की तो 'चेक' असतो, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे देणं. तुमची पाळी असताना ठोकलंत तर चेक धरला जातो, मग हातात राजांची जोडी असो. पाळी नसताना ठोकलंत तर डीलरला खेळ थांबवून पुढच्यांना समजावावं लागतं. ठोकायचंच असेल तर खुर्चीच्या दांड्यावर, टेबलाखाली.

दुसरं, पानं पिळणं. डाव्या हाताची ओंजळ पानांवर आडवी, उजव्या अंगठ्याने कोपरा सावकाश वर, आधी रंग मग आकडा. एवढं ठीक आहे. काही जण मात्र पान मधोमध मोडतात, फुंकर घालतात. पानाला घडी पडली की ते पाठीवरून ओळखू येतं आणि अख्खा कॅट बदलावा लागतो. फुंकरीने पान उलटलं तर शेजाऱ्याला दिसतं.

आणि 'पत्ते तापलेत, नवीन कॅट द्या' ही मागणी. नवा कॅट आला की बावन्न पानं उताणी पसरून मोजायची, पालथी करून पाठी तपासायच्या, दोन्ही हातांनी टेबलभर घोळायची, मग दोनदा पिसणं, तुकडे काढून वरखाली करणं, पुन्हा पिसणं आणि कट. एवढ्या वेळात दोन-तीन डाव सहज जातात. बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२मध्ये गणिताने दाखवलं की नुसतं पिसून कॅट पुरेसा मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. टेबलावर तीनदाच पिसतात, म्हणून आधीचं घोळणं महत्त्वाचं. पानांना चरे, डाग, घडी असेल तर बेलाशक बदलून मागा, तो तुमचा हक्क आहे. हरत आहात म्हणून मागितलात तर नव्या कॅटमध्येही चार एक्के असतात, आणि एक्क्यांची जोडी येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा, तेवढीच राहते. शंभर डाव बसूनही ती एकदाही न येणं हे दर पाच बैठकांपैकी तिनांत होणारच. त्यात पत्त्यांचा दोष नाही.

लकी पानांबद्दल

दश्शी-दुर्री या जोडीची गोष्ट सगळे सांगतात, तपशील कमी जण सांगतात. डॉयल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा डाव याच पानांवर जिंकला, म्हणून त्यांना त्याचंच नाव पडलं. १९७७चा डाव नीट पाहा. समोर गॅरी बर्लंडकडे अठ्ठी-पंजी. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) दश्शी, अठ्ठी, पंजी, म्हणजे बर्लंडच्या दोन जोड्या झालेल्या आणि ब्रन्सन मागे. टर्नला (चौथं पान) दुर्री आली आणि ब्रन्सनच्या दश्शी-दुर्रीच्या दोन जोड्या पुढे गेल्या. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) बर्लंडला उरलेल्या ४४ पानांतली फक्त चार पानं तारणार होती, दोन अठ्ठ्या आणि दोन पंज्या. नऊ टक्के. दश्शी आली. १९७६लाही शेवटचं पान दश्शीच होतं.

ही पानं १,३२६ जोड्यांपैकी १६ वेळा येतात, दहा हजार डावांत सुमारे १२०. बिग ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी आळीपाळीने भरायची सक्तीची रक्कम. दर वेळी कुणाचा तीन बिग ब्लाइंडचा रेझ (वाढवलेली बोली) कॉल केलात, म्हणजे तेवढेच पैसे भरलेत, तर ३६० बिग ब्लाइंड केवळ पाहायला जातात. शंभर बिग ब्लाइंडच्या स्टॅकने (समोरच्या चिप्सनी) बसणाऱ्याचे साडेतीन स्टॅक! त्यातले काही परत येतील, पण सगळे नाहीत. ज्याला खेळायचंच आहे त्याने बटणावर (फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्याची जागा), आपल्या आधीचे सगळे फोल्ड झाल्यावर रेझ करावा. रेझ कॉल करून नाही.

तीनपत्तीतून आलेला एक गैरसमज

'पानं न बघता खेळलं की लक्ष्मी येते' हे आपल्याकडे घट्ट बसलंय. तीनपत्तीत त्याला आधार आहे. ब्लाइंड चाल एक असेल तर बघितलेल्याला दुप्पट द्यावी लागते, म्हणजे न बघण्याचा मोबदला मिळतो. पोकरमध्ये पानं बघायला एक पैसाही पडत नाही, न बघण्याची सवलतही नाही. विधी तोच, पण ज्या नियमामुळे तो शहाणपणाचा होता तो नियमच इथे नाही. मला वाटतं, या धाग्यात सगळ्यांत आधी हेच यायला हवं होतं.

याचीच एक चांगली बाजू आहे : आपली पाळी येईपर्यंत पानं उचलायची नाहीत. तोवर इतरांच्या हालचाली बघता येतात, आणि आपल्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळत नाही.

खुर्ची

खुर्ची लकी असते ती वेगळ्या कारणाने. सतत रेझ करणारा खेळाडू तुमच्या उजव्या हाताला असेल तर तो तुमच्या आधी बोलतो. त्याची चाल पाहून तुम्ही ठरवता. तोच डावीकडे असेल तर रात्रभर तुमची कोंडी. जागा रिकामी होण्याआधीच डीलरकडे सीट चेंजचं बटण (जागा बदलायचा पहिला हक्क देणारी चकती) मागून ठेवा. खुर्ची तीनदा फिरवून बसण्यापेक्षा हे नक्की उपयोगी.

दोनदा रिव्हर काढण्याविषयी

काही जण ऑल-इननंतर (समोरचे सगळे पैसे लावल्यावर) दोनदा पान काढायला नकार देतात, 'नशीब कापलं जातं' म्हणून. नऊ पानं तारणारी, ४४ उरलेली असं धरा. एकदाच काढलं तर जिंकण्याची शक्यता २०.५ टक्के. दोनदा काढलं तर दोन्ही वेळा जिंकणं ३.८ टक्के, एकदाच जिंकून अर्धा पॉट (मधे जमलेली रक्कम) ३३.३ टक्के. ३३.३चे अर्धे धरले की बेरीज तीच, २०.५. फक्त चढउतार कमी. पैसे मोजके असतील तर हो म्हणा.

संत्र्याचा उलगडा

जॉनी चॅनने १९८७ आणि १९८८ची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्याच्यापुढे संत्रं असायचं. लोकांनी लगेच संत्री आणायला सुरुवात केली. त्याचं कारण साधं होतं : खोलीत सिगारेटचा धूर असायचा आणि त्याला संत्र्याचा वास बरा वाटायचा.

बॅड बीटनंतरचा (जिंकत आलेला डाव ऐनवेळी गेल्यानंतरचा) विधी

ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, त्यामुळे टेबल बंद करून पुन्हा उघडायचा विधीही गेला. गोव्यातल्या कॅसिनोत समोरासमोर बसणाऱ्यांसाठी एक सांगतो. मोठा पॉट गेल्यावर हात धुऊन, पाणी पिऊन यायची पद्धत आहे, ती पाळा, फक्त वेळ साधा. कॅश गेममध्ये (थेट पैशांच्या खेळात) बिग ब्लाइंड आपल्यापर्यंत यायच्या आधीच्या डावाला उठा आणि पुढच्या फेरीत तो पुन्हा आपल्यावर येईल तेव्हा बसा. नऊ जणांचं टेबल, तासाला २५-३० डाव, म्हणजे साधारण वीस मिनिटं मिळतात आणि एकही जादा ब्लाइंड भरावा लागत नाही. मधेच येऊन बसलात तर चुकलेले ब्लाइंड आधी भरायला लावतात. टूर्नामेंटमध्ये मात्र तुम्ही नसतानाही ब्लाइंड कापले जातात, म्हणून तिथे ब्रेकपर्यंत थांबा.