इतिहास घेऊन समाजाला काय मिळतं?

मोडीवाली मावशी: बारावीला ८८ टक्के मिळवलेल्या भाचीने इतिहास घ्यायचं ठरवलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. "समाजाला उपयोग काय त्याचा?" हा सगळ्यांचा प्रश्न.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठ्यांना कुणबी जातीचे दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसिलीतली कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, बाहेर निघाली. मला मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, येते, म्हणून वाचायला गेले होते. मोडीत आधी आडवी रेघ ओढून ठेवतात, मग हात न उचलता लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. एका पानावर जातीच्या रकान्यात नुसतं 'कु'. मागे चौघे जण माझ्या बोटाकडे बघत उभे होते. त्यांच्या पोरांचे दाखले त्या अक्षरापाशी अडले होते.

कोथरूडकर: असहमत. मोडी काही महिन्यांच्या वर्गात शिकता येते, त्याला तीन वर्षांची पदवी कशाला? २०२५ मध्ये आयआयटी रुरकीने मोडीचं देवनागरी करून देणारं एआय मॉडेलही आणलं. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसं गेली. तिथे आधीच भूगर्भशास्त्रज्ञ पोचायला हवा होता. सरकारचा पैसा मोजका असतो, तो जीव वाचवणाऱ्या विषयांना आधी द्या.

मोडीवाली मावशी: भूगर्भशास्त्राचं शंभर टक्के मान्य. पण भाचीने तो विषय घेतला असता, तरी घरात असंच सुतक पडलं असतं! आणि त्या मॉडेलला शिकवायला २,००० वर पानं लागली, त्यांची लिप्यंतरं मोडीच्या जाणकारांनीच तपासली. अक्षर लावायला वर्ग पुरतो. 'कु' काय धरायचं, हे वरखालच्या नोंदी, गावची वहिवाट, कारकुनाची लिहिण्याची रीत बघून ठरतं. त्याचंच नाव इतिहासाचा अभ्यास.

नांदेडहून: ताई, पटतं. आमच्याकडे तर निजामाच्या काळचं दफ्तर उर्दूत, ते वाचणारी माणसंही शोधावी लागली. पण माझा मुलगा इतिहासात एमए, नेट झालेला, आज तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी लागली की मानधन बंद. विषयाला किंमत आहे म्हणता, ती मोजतं कोण? पोरीला हे आधी सांगा.

मोडीवाली मावशी: सांगितलंय भाऊ, आकडे मांडून. तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि माझी चीडही तीच आहे. दाखले अडले तेव्हा मोडी वाचणारे गावोगाव शोधले. त्यांना घडवणारी प्राध्यापकाची जागा मात्र आजही तासावर.