शब्दचर्चा : 'एम्बेड' केलेली आकृती आणि तिच्यावरची 'लेबले'

प्रश्न

कोड लिहून तयार केलेली आकृती लाटेकच्या (आज्ञा लिहून मजकूर आणि सूत्रे जुळवणाऱ्या प्रणालीच्या) दस्तऐवजात 'एम्बेड' करायची आणि तिच्यावर 'फॉरमॅटेड लेबल्स' द्यायची, याबद्दल मराठीत सूचना लिहायच्या आहेत. 'अंतःस्थापित आकृती' आणि 'स्वरूपित लेबल' हे पर्याय सुचवले गेले, पण वाचणाऱ्याला त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. रोजच्या वापरातले शब्द सुचवाल का?

प्रतिसाद

'एम्बेड'साठी एकच शब्द शोधायला गेलात तर अडकाल, कारण त्या शब्दात तीन निरनिराळी कामे दडली आहेत. तिन्हींची दुखणीही वेगळी आहेत.

पहिले काम : आकृती बाहेर तयार होते, तिची पीडीएफ निघते आणि आपण 'इन्क्लूडग्राफिक्स' या आज्ञेने ती आत आणतो. याला 'बसवणे' म्हणा. दुसरे : टिक्झ, असिम्टोट किंवा मेटापोस्ट या आकृती काढण्याच्या भाषांतला कोड मजकुराच्याच फाइलीत असतो. याला 'गुंफणे' म्हणा. तिसरे : फॉन्ट पीडीएफमध्ये 'एम्बेड' होतो. ते 'भरणे'.

बसवलेल्या आकृतीत नेहमी बिघडते ते माप. मॅटप्लॉटलिबची (पायथनमधल्या आलेख काढणाऱ्या साधनाची) आकृती काही न सांगता ६.४ इंच रुंद निघते आणि अक्षरे १० पॉइंटांची असतात. लाटेकच्या 'आर्टिकल' वर्गात १० पॉइंटांच्या मजकुराला ओळीची रुंदी ३४५ पॉइंट असते. टेकच्या, म्हणजे लाटेकच्या पायाभूत यंत्रणेच्या, हिशेबात एका इंचात ७२.२७ पॉइंट, म्हणजे ही रुंदी साधारण ४.७७ इंच झाली. आकृती ओळीच्या रुंदीत कोंबली की १० पॉइंटांचे अक्षर साडेसात पॉइंटांचे होते. उपाय साधा आहे : 'द टेक्स्टविड्थ' या आज्ञेने रुंदी छापून पाहायची, ७२.२७ ने भागायचे आणि आकृती मुळातच तेवढ्या इंचांची काढायची. मग बसवताना कुठलेही माप द्यायचे नाही. जतन करताना 'टाइट' कडा मागितल्या तर मात्र कागद कापला जातो, माप बदलते आणि केलेला हिशेब फुकट जातो.

गुंफलेल्या आकृतीत माप सहसा चुकत नाही, तिथे फेऱ्यांचा क्रम चुकतो. असिम्टोटमध्ये आधी लाटेक चालवायचे, मग त्यातून निघालेल्या फाइलींवर असिम्टोट, मग पुन्हा लाटेक. मधली फेरी गाळली की आकृतीची जागा रिकामी राहते किंवा जुनीच आकृती दिसते, आणि माणूस बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

प्रतिसाद

बसवणे-गुंफणे हा भेद पटला. 'लेबल'चे दुखणे मात्र याहून मोठे आहे, कारण लाटेकमध्ये 'लेबल' ही स्वतंत्र आज्ञाच आहे आणि तिचा आकृतीवरच्या अक्षरांशी काडीचा संबंध नाही. ती आकृतीला संदर्भासाठी खूण देते. 'आकृतीला लेबल द्या' असे मराठीत लिहिले तर निम्मे वाचक बाणाशेजारी नाव लिहितील, उरलेले संदर्भाची आज्ञा देतील.

शाळेच्या विज्ञानाच्या पेपरात 'नामनिर्देशित आकृती काढा' असते, ते सगळ्यांना कळते. म्हणून आकृतीच्या भागांवर लिहितो तो 'नामनिर्देश'. आकृतीखाली येते ती ओळ, म्हणजे 'कॅप्शन', ही 'चित्रओळ'. वर्तमानपत्रात 'फोटोओळ' रुळलेलाच आहे. आणि लाटेकची 'लेबल' आज्ञा म्हणजे 'संदर्भखूण'.

शब्द वेगळे केले की नियमही सरळ सांगता येतो : संदर्भखूण चित्रओळीच्या नंतर द्यावी. आकृतीचा क्रमांक चित्रओळीच्या आज्ञेने वाढतो. खूण आधी दिली तर तिला आकृतीऐवजी चालू विभागाचा क्रमांक चिकटतो आणि 'आकृती ३ पाहा'च्या जागी 'आकृती २.१ पाहा' असे काहीतरी छापले जाते. लाटेक त्रुटी दाखवत नाही, त्यामुळे हे छापून झाल्यावरच लक्षात येते.

प्रतिसाद

'फॉरमॅटेड'बद्दल. इथे अर्थ नुसता ठळक-तिरपा असा नाही. नामनिर्देशातले सूत्र, घातांक, फॉन्ट हे सगळे मजकुराची जुळणी करणाऱ्या यंत्रणेनेच जुळवलेले असावे, असा आहे. पुस्तकांच्या श्रेयपानावर 'अक्षरजुळणी' असते, तोच धागा धरून 'जुळणीतले नामनिर्देश' म्हणता येईल. 'स्वरूपित'पेक्षा केव्हाही बरे.

या अर्थाने पाहिले की कोणते साधन काय करते ते पटकन उमगते. ग्राफव्हिझमध्ये (चौकटी आणि बाणांच्या आकृत्या मांडणाऱ्या साधनात) अवतरणचिन्हांऐवजी कोनी कंसांत नामनिर्देश दिला तर ठळक, तिरपे, घातांक मिळतात, पण ती जुळणी ग्राफव्हिझची, लाटेकची नव्हे. ग्राफव्हिझची आकृती लाटेकच्या कोडमध्ये बदलणारे डॉटटूटेक वापरले तर नामनिर्देश लाटेककडे जातो. मात्र चौकटीचा आकार ग्राफव्हिझने मूळ अक्षरांवरून ठरवलेला असतो, म्हणून लांब सूत्र चौकटीबाहेर लोंबते. 'ऑटोसाइझ' पर्याय दिला की आधी लाटेककडून माप घेतले जाते, मग मांडणी होते.

मर्मेड या आकृत्या काढणाऱ्या साधनाच्या एसव्हीजी चित्रफाइलीत तर नामनिर्देश बऱ्याचदा एचटीएमएलचे तुकडे असतात. ब्राउझरमध्ये छान दिसतात. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरने पीडीएफ केली की चौकटी तेवढ्या उरतात, अक्षरे गायब. मर्मेडच्या सेटिंगमध्ये 'एचटीएमएल लेबल्स' बंद केले की अक्षरे खऱ्या एसव्हीजी मजकुराच्या रूपात येतात.

प्रतिसाद

जुळणीत अक्षरे गिळली जातात तो प्रकारही या चर्चेत यायला हवा, कारण त्याला लोक उगाच 'फॉन्टची चूक' म्हणतात. पायथनमध्ये थीटाची आज्ञा साध्या अवतरणात लिहिली तर बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो आणि आकृतीवर 'हेटा' उरते. ग्रीक न्यूचे तसेच : बॅकस्लॅश आणि एन म्हणजे नवी ओळ. अवतरणाच्या आधी आर लावला की संपले. टक्क्याचे चिन्ह मोकळे सोडले तर लाटेक पुढचे सगळे टिप्पणी समजून टाकून देते. रकान्याच्या नावातली अधोरेषा तशीच पाठवली तर 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' ही त्रुटी येऊ शकते.

प्रतिसाद

एक आक्षेप. 'नामनिर्देश' चांगला आहे, पण अक्षावरच्या आकड्यांना नामनिर्देश कसे म्हणणार? तिथे 'लेबल'च राहू द्या. किंवा 'आकृतीवरची अक्षरे' म्हणा, तेही चालते.

'स्केल'चीही फोड करायला हवी. टिक्झमध्ये 'स्केल' ०.५ दिले तर बिंदूंमधली अंतरे निम्मी होतात, अक्षरे आहे तेवढीच राहतात आणि एकमेकांवर चढतात. 'रिसाइझबॉक्स'ने सगळेच लहान होते, अक्षरे आणि रेषांची जाडीसुद्धा. पहिल्याला 'आवळणे', दुसऱ्याला 'लहान करणे' म्हणावे. अक्षरेही सोबत लहान व्हावीत असे वाटत असेल तर टिक्झला 'ट्रान्सफॉर्म शेप' सांगता येते. माझे मत : आवळणेच बरे. अक्षरे एकमेकांवर चढली तर अंतरे वाढवावीत, अक्षरांना हात लावू नये.

प्रतिसाद

देवनागरी नामनिर्देश असतील तर पीडीएफलाटेक या लाटेकच्या नेहमीच्या इंजिनाचा नाद सोडा. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या, फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये लिपी देवनागरी द्या आणि लुआलाटेक असेल तर रेंडरर (अक्षरे जोडून मांडणारा भाग) हार्फबझ ठेवा. मॅटप्लॉटलिबच्या स्वतःच्या अक्षरमांडणीत 'कि'ची वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरे सुटी, हे नेहमीचे चित्र. तिथे आकृती पीजीएफ स्वरूपात, म्हणजे लाटेकच्या आज्ञांच्या रूपात, जतन करून ती फाइल 'इनपुट'ने आत घ्यावी, म्हणजे अक्षरे शेवटच्या जुळणीत लाटेकच जुळवते. 'पीजीएफ आरसीफॉन्ट्स' बंद ठेवा, नाहीतर मॅटप्लॉटलिब आपले फॉन्ट लादते.

आणि 'भरणे'. पीडीएफफॉन्ट्स हे साधन चालवले की प्रत्येक फॉन्ट भरलेला आहे की नाही ते रकान्यात दिसते. मॅटप्लॉटलिब थेट पीडीएफ काढताना टाइप ३ या प्रकारचे फॉन्ट भरते, आणि काही प्रकाशक ते नाकारतात. मॅटप्लॉटलिबमध्ये 'पीडीएफ फॉन्टटाइप' हा पर्याय ४२ केला की प्रश्न मिटतो.

प्रश्नकर्ता

बसवणे, गुंफणे, भरणे हे घेतो. नामनिर्देश भागांच्या नावांपुरता, अक्षांवर लेबल. सारणीलाही चित्रओळच म्हणायचे का?

प्रतिसाद

नको. सारणीत चित्र नसते, आणि तिची ओळ वर देण्याची रीत आहे, 'मथळा' म्हणा. 'आर्टिकल'मध्ये या ओळीच्या वर १० पॉइंट जागा सुटते, खाली शून्य. आकृतीखाली ते ठीक, पण सारणीचा मथळा सारणीला चिकटतो. 'बिलो कॅप्शन स्किप' ही खालची जागा वाढवा, किंवा कॅप्शन पॅकेजमध्ये 'टेबलपोझिशन' वर ठेवा.