करपलेलं पातेलं
भांडी घासताना देवाची क्षमा आठवते, असं कुणीतरी म्हटलं, ते मला मनापासून पटलं. करपलेलं पातेलं लगेच भिजत घातलं तर सहज निघतं. दोन दिवस तसंच राहिलं की घासून घासून हात दुखतात. रागाचंही तसंच, म्हणून बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात (इफिसकरांस ४:२६) सूर्य मावळायच्या आत राग सोडायला सांगतो. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो, ज्याचं स्नान झालंय त्याला फक्त पाय धुवायची गरज. म्हणजे देवानं एकदा आपलं म्हटलं की रोजच्या चुकांची तेवढी क्षमा मागायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. हे कळेपर्यंत प्रत्येक चुकीनंतर देवानं मला टाकलंय असंच वाटायचं! आता शेवटचं ताट विसळताना, आज कुणाला दुखावलं ते आठवून क्षमा मागते, आणि जमलं तर त्याच रात्री त्या माणसाशी बोलते.