दोन ट्यूनरचा रेकॉर्डर बॉक्स, पण पाइपात केबल एकच

गच्ची_ते_हॉल
साताऱ्यात दुमजली घर आहे. छत्री गच्चीवर, टीव्ही तळमजल्यावर हॉलमध्ये. मधली आरजी-६ केबल २४ मीटर, भिंतीतल्या २० एमएम पाइपातून आलेली. पाइपाला तीन वळणं. नवीन रेकॉर्डर बॉक्सच्या मागे ‘एलएनबी १’ आणि ‘एलएनबी २’ अशा दोन जागा आहेत (एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा). बॉक्सजवळ स्प्लिटर लावून दोन्हींना केबल दिली. नुसतं बघताना सगळं ठीक, पण रेकॉर्डिंग चालू झालं की बरेच चॅनेल ‘सिग्नल नाही’ दाखवतात. कोणते जाणार, ते रेकॉर्डिंग कशाचं चाललंय त्यावर ठरतं. भिंत न फोडता उपाय आहे का?

तारजोड
स्प्लिटर कितीही भारी आणलात तरी हेच होणार. ट्यूनर, म्हणजे बॉक्समधला चॅनेल पकडणारा भाग, केबलवरून नुसता सिग्नल घेत नाही, एलएनबीला वीजही देतो आणि काय पाठवायचं तेही सांगतो. युनिव्हर्सल एलएनबीत १३ व्होल्ट म्हणजे व्हर्टिकल (उभ्या लहरी), १८ म्हणजे हॉरिझॉन्टल (आडव्या). त्यावर २२ किलोहर्ट्झचा टोन असला की हाय बँड, नसला की लो. असे चार गट, आणि एका केबलवर एका वेळी त्यातला एकच उतरतो. तुमच्या स्प्लिटरमधून दोन्ही ट्यूनरचा डीसी (म्हणजे हीच वीज) पुढे जात असेल, तर जास्त व्होल्टेजवाल्याचं चालतं. रेकॉर्डिंगने १८ मागितले की दुसऱ्या ट्यूनरचे १३ वाले चॅनेल गेले. एकाच तोंडातून डीसी जात असेल, तर दुसऱ्या ट्यूनरला पहिल्याच्या गटात जे असेल तेवढंच मिळतं.

इथे ट्विन, म्हणजे केबल जोडायला दोन तोंडं असलेला एलएनबी हवा आणि दोन्ही तोंडांपासून बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र केबली. पुढे दुसरा टीव्ही येणार असेल तर क्वाड घ्या, तोंडं चार मिळतात. पण दुकानात ‘क्वाड’ मागून ‘क्वाट्रो’ पदरात पडू देऊ नका. त्याच्या चार तोंडांवर एकेक गट कायमचा ठरलेला असतो आणि तो मल्टिस्विचशिवाय, म्हणजे हे गट ट्यूनरना वाटून देणाऱ्या डब्याशिवाय, चालत नाही.

जुना एलएनबी काढायच्या आधी पकडीवर आणि एलएनबीवर मार्करने एकच सरळ रेघ मारा आणि नवा त्याच तिरकेपणाने बसवा. साताऱ्याहून ८३ अंश पूर्वेचा उपग्रह घेतला तर हा तिरकेपणा साधारण २६ अंश येतो. तो चुकला की सिग्नलची ताकद भरपूर दिसते आणि क्वालिटी मात्र पडलेली असते.

पाइप_आणि_पट्टी
२० एमएम पाइपाची आतली जागा १६-१७ एमएम. आरजी-६ सुमारे ७ एमएम जाड, म्हणजे दोन शेजारी शेजारी १४. सरळ भागात जातात, अडकतात त्या वळणावर. म्हणून जुन्या केबलच्या बाजूने नवी ढकलत बसू नका. जुनीच ओढतार म्हणून वापरा आणि दोन्ही नव्या एकदम आणा.

बॉक्स बंद करून प्लग काढा. जुन्या केबलचे दोन्ही कनेक्टर कापा. नव्या दोन केबलींची टोकं एकापुढे एक, ८-१० सेंटीमीटर मागेपुढे ठेवून जुनीला जीआय तारेने बांधा आणि वरून टेप असा गुंडाळा की गाठ निमुळती होईल. केबलींना शंखजिऱ्याची पूड चोळा. एकाने गच्चीवरून सोडायची, दुसऱ्याने खालून सावकाश ओढायची. अडलं तर झटका देऊ नका, हातभर मागे घेऊन परत ओढा. झटक्याने आतला फोम दबतो आणि त्या जागी सिग्नल कायमचा मार खातो. सोबत एक नायलॉनची दोरी ओढून पाइपातच राहू द्या.

केबल शुद्ध तांब्याच्या कोअरची घ्या. आतल्या तारेला लोहचुंबक चिकटला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली स्टील आहे. २४ मीटरला तीही चालून जाईल, पण तिचा डीसी रोध तांब्याच्या चार-पाच पट असतो आणि कनेक्टरला जरा गंज चढला की १८ व्होल्टवाले चॅनेल आधी जातात. भिंतीवरची केबल टीव्हीची जुनी प्लेट मध्ये ठेवू नका. ती ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतचीच असते, आपला सिग्नल ९५० ते २१५० मध्ये येतो.

गच्ची_ते_हॉल
आभारी आहे. दोन केबली वळणावर अडल्याच, तर एका केबलवर काही जमतं का?

तारजोड
जमतं, पण बॉक्सची साथ हवी. सेटिंगमध्ये ‘सिंगल केबल’, ‘युनिकेबल’ किंवा ‘एससीआर’ असा पर्याय आहे का बघा. असला तर ईएन ५०४९४ या मानकाचा एलएनबी लावायचा. तो प्रत्येक ट्यूनरला स्वतःची ठरलेली फ्रिक्वेन्सी देतो, त्यामुळे एकाच तारेवर दोघांचं भांडण होत नाही. तिथे बॉक्सजवळ स्प्लिटर लावणं बरोबर, फक्त त्या पद्धतीसाठी चालणारा घ्यायचा. पर्यायच नसेल तर तो एलएनबी आणू नका. गच्चीच्या कठड्यावरून दुसरी केबल बाहेरच्या भिंतीने उतरवा, उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची.

पाइप_आणि_पट्टी
कनेक्टरबद्दल, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. फिरवून बसवायचे नकोत, कॉम्प्रेशनचे घ्या. जाळी मागे दुमडा, फॉइल फोमवरच राहू द्या, मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे २ ते ३ एमएम ठेवा. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. दोन्ही टोकं मोकळी ठेवून मीटरने तार आणि जाळी तपासा, रोध अनंत यायला हवा. एलएनबीजवळ केबलला खाली झुकणारा वळसा द्या आणि जोडावर स्वतःला चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळा. साताऱ्याच्या पावसात पाणी एकदा जाळीत शिरलं की आतल्या आत मीटरभर ओढलं जातं. मग कनेक्टर बदलून भागत नाही, काळी पडलेली जाळी संपेपर्यंत केबल कापावी लागते. म्हणून गच्चीवर दीड मीटर केबल जास्तीची ठेवा.

जोडल्यावर एकच ट्यूनर रुसला तर बॉक्समागे केबली अदलाबदल करा. दोष दुसऱ्या ट्यूनरवर गेला तर तो केबलीत किंवा एलएनबीत. मग गच्चीवर एलएनबीची तोंडं बदला. दोष परत पहिल्या ट्यूनरवर आला तर एलएनबीचं तोंड गेलंय, दुसऱ्यावरच राहिला तर केबल. मुळात दोष हललाच नाही तर बॉक्स दुरुस्तीला द्या.