सासऱ्यांना एसिट्रॉम चालू आहे, दातासाठी मेट्रोनिडाझोल चालेल का?

डिचोलीची सून:
आमच्या मामंजींची हृदयाची झडप बदललेली आहे, धातूची. रोज संध्याकाळी एसिट्रॉम असते. काल दाढ सुजली म्हणून एकटेच दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, मेट्रोनिडाझोल ४००, शिवाय दुखण्यावर डायक्लोफेनॅक घेऊन आले. रक्त पातळ करायच्या गोळीचा विषय तिथे निघालाच नाही. अजून काही सुरू केलेलं नाही. मामंजी म्हणतात, चार दिवस एसिट्रॉम बंद ठेवतो. चालेल का?

फोंड्याचा फार्मासिस्ट:
ताई, एसिट्रॉम अजिबात बंद करू देऊ नका. धातूच्या झडपेवर गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो.

चिठ्ठीत मला सगळ्यात जास्त खटकतंय ते मेट्रोनिडाझोल. यकृत एसिट्रॉमचा निचरा करतं, तो निचरा मेट्रोनिडाझोलने मंदावतो. मग नेहमीचीच गोळी रक्तात साचते, आयएनआर चढतो, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीचा आकडा. झडप कुठली आहे त्यावर हा आकडा २ ते ३ किंवा २.५ ते ३.५ ठेवतात, पुढे गेला की रक्तस्रावाची भीती. अमॉक्सिसिलिनचा परिणाम सहसा कमी, पण तपासणी त्यालाही हवी. डायक्लोफेनॅकचं वेगळंच: आयएनआर ठीक दिसतो आणि पोटात रक्त जातं. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारा.

आणखी एक, जे काउंटरवर कुणीच सांगत नाही. दाढ सुजलेला माणूस पेजेवर राहतो. तांबडी भाजी, मुळ्याचा पाला सगळं सुटतं, म्हणजे व्हिटॅमिन के कमी जातं आणि त्यानेही आयएनआर वर सरकतो. जेवण कमी झालंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आजच दोन्ही डॉक्टरांना फोन करा. अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत आयएनआर, कोर्स संपल्यावर पुन्हा. काळी शौच, लाल लघवी, हिरडीचं न थांबणारं रक्त किंवा डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ. मेट्रोनिडाझोल राहिलंच तर उराक-फेणी, म्हणजे दारू बंद, संपल्यावरही तीन दिवस.

साखळीहून:
आईला पावसात लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या) संशयावरून डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं होतं. तिची लोहाची गोळीही चालू होती. फार्मसीत दोन्ही वेगळ्या वेळी घ्यायला सांगितलं. का?

फोंड्याचा फार्मासिस्ट:
बरोबर सांगितलं. लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध, ही सगळी डॉक्सिसायक्लिनला पोटातच धरून ठेवतात. औषध रक्तात पोचतच नाही आणि लेप्टोत ते परवडत नाही. दोन-तीन तासांचं अंतर हवं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजते. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचंही असंच, ते या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. मधुमेहाला ग्लिमेपिराइड चालू असेल तर सिप्रोने साखर अचानक उतरू शकते, तेही लक्षात ठेवा.

डिचोलीची सून:
दादा, फोन केले. दाताच्या डॉक्टरांनी लगेच बोलावून पू काढला, मेट्रोनिडाझोल आणि डायक्लोफेनॅक खोडलं, पॅरासिटामॉल दिलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, एसिट्रॉम तशीच चालू ठेवा, गुरुवारी आयएनआर करा. उपाशीपोटी जावं लागतं का?

फोंड्याचा फार्मासिस्ट:
नाही, खाऊन चालतं. फक्त सकाळीच रक्त द्या, म्हणजे संध्याकाळच्या गोळीआधी आकडा डॉक्टरांना कळवता येईल.