महापौर थेट निवडून आला तर नाशिकचे प्राधान्यक्रम बदलतील का?

गोदाकाठ
सिन्नर, भगूर, त्र्यंबकेश्वरला नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडून येतो. नाशिकच्या महापौराला मात्र नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, म्हणजे महापौर महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, चालवणार, पण एका कामाचाही कार्यारंभ आदेश काढू शकणार नाही. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले, तेव्हा तर विषय मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. लोक जाब महापौराला विचारतात, तर थेट निवडणूक घ्या आणि कामांचा क्रम ठरवायचा अधिकारही त्यालाच द्या.

लेखाशीर्ष
मला हे अजिबात पटत नाही. अधिकार आहेत, ते वापरले जात नाहीत. अंदाजपत्रकाचंच बघा. आयुक्त प्रारूप स्थायी समितीला देतात. समितीत १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त. समिती दुरुस्त्या करून महासभेकडे पाठवते आणि शेवटची मंजुरी महासभेची. इतक्या हातांतून जाताना फुगते ती जमेची बाजू. घरपट्टीची वसुली आणि नगररचनाचं विकास शुल्क वाढवून धरायचं आणि तेवढ्याच रकमेची प्रभागातली कामं खर्चात टाकायची. कागदावर ताळा जुळतो. मार्चअखेर वसुली तेवढी होत नाही, कार्यारंभ आदेश मात्र निघालेले असतात. ती देणी पुढच्या वर्षावर 'दायित्व' म्हणून बसतात. समजा, रस्त्यांच्या लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या रस्त्यांच्या खात्यावर, तरतूद १०० रुपये आणि जुनं दायित्व ७०. नव्या माणसाला ठरवायला ३० उरले. महापौर थेट निवडून आला तरी ते ७० त्याला आधी द्यावेच लागतील.

पंचवटीकर
@लेखाशीर्ष, मग २०१८ कसं विसरता? कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महासभेने ठरवायचे, असं कायदा सांगतो. पण दर ज्यावर लागतो ते मालमत्तेचं करयोग्य मूल्य प्रशासन ठरवतं. तुकाराम मुंढे आयुक्त असताना तेच वाढलं, मोकळ्या जागांनाही झळ बसली, शेतकरी रस्त्यावर उतरले. महासभेचा विरोध होता, उपयोग काय झाला? ऑगस्टमध्ये अविश्वास प्रस्ताव आला, तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून मागे घेतला गेला. आयुक्तांना परत पाठवायचं तर एकूण सदस्यांच्या पाच अष्टमांश मतं लागतात, म्हणजे १२२ पैकी ७७. आणि महासभेने ठराव केलाच, तर कलम ४५१ खाली शासन तो निलंबित करू शकतं. याला अधिकार म्हणायचं?

लेखाशीर्ष
करयोग्य मूल्याचा मुद्दा मान्य, तिथे कायद्यातच फट आहे. पण त्याच वर्षी त्याच आयुक्तांनी त्रिसूत्री लावली होती: कामाची गरज, तांत्रिक व्यवहार्यता, निधीची उपलब्धता. तिन्हीत बसेल तेच काम. ती लोकांना जाचक वाटली, तरी मला आजही योग्य वाटते.

कॉलनीतला एक रस्ता घ्या. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन आणि घरोघरची जोडणी, मग गॅस आणि केबलसाठी आडवे पाइप, मग खडीकरण, शेवटी डांबर. आचारसंहितेआधी नारळ फुटायला हवा म्हणून डांबर आधी पडतं. दिवाळीनंतर जलवाहिनीसाठी तोच रस्ता उभा चिरला जातो. चर भरताना वीसेक सेंटीमीटरचे थर टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर दाबायला हवा. प्रत्यक्षात उकरलेली मातीच एकदम लोटतात आणि वर खडी पसरतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चर बसते, चेंबरचं झाकण वर राहतं आणि दुचाकीवाला त्यावर आदळतो. हा क्रम चुकवणारं पत्र नगरसेवकाचं असतं आणि त्यावर सही अभियंत्याची. दोघंही दोषी आहेत.

इंदिरानगरची
तुम्ही दोघं रस्त्यावरच अडकलात. सिंहस्थाच्या मोठ्या कामांचा क्रम महासभेत ठरतच नाही. त्यासाठी २०२५ मध्ये कायद्याने वेगळं कुंभमेळा प्राधिकरण आलं आहे. तपोवनातली झाडं तोडण्यावरून केवढा संताप झाला, आठवतंय ना? महापौराने तिथे एकच आग्रह धरावा: प्रत्येक नव्या कामासोबत ते चालवायचा वार्षिक खर्च लेखी द्या.

मलजल शुद्धीकरण केंद्र बांधायला शासनाकडून पैसा मिळतो. वीजबिल, क्लोरीन, पंपांची दुरुस्ती, माणसं हे सगळं मात्र पालिकेच्या महसुली खर्चातून. तिथे कात्री लागली की राखीव पंपाची दुरुस्ती लांबते. चालू पंप बंद पडला किंवा वीज गेली आणि जनरेटर नसला की, मैलापाणी साठवायची विहीर भरते, मैला चेंबरमधून नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत. रामकुंडावर रोज माणसं ते पाणी तीर्थ म्हणून तोंडात घेतात. याच्यासमोर कोणतंही सुशोभीकरण मला क्षुल्लक वाटतं.

गोदाकाठ
पटलं. पण खर्चाचा तो कागद मागणाऱ्याला किंमत हवी ना? प्राधिकरणापुढे थेट निवडून आलेल्या महापौराचं वजन वेगळं पडेल.

लेखाशीर्ष
वजन विषयपत्रिकेतून येतं, आणि सभा महापौरच चालवतो. ऐनवेळी आलेले जादा विषय त्याने दाखल करून घ्यायचे नाहीत. दायित्वाचा तक्ता आणि देखभालीचा खर्च जोडल्याशिवाय एकही प्रस्ताव पुकारायचा नाही. यासाठी थेट निवडणूक लागत नाही.

पंचवटीकर
आणि त्याच्याच पक्षाचे नगरसेवक असा प्रस्ताव घेऊन व्यासपीठासमोर उभे राहिले तर? ज्यांच्या मतांवर तो खुर्चीत बसला, त्यांना तो कसा अडवणार? गोदाकाठ यांचा मुद्दा इथेच उभा राहतो.