हाताने दाबून उपचार केले की कंबर तीन दिवस बरी, चौथ्या दिवशी जैसे थे. किती दिवस जायचं?

पोळीवाली_चिंचवड
नमस्कार मंडळी. वय ४४. पोळी-भाजी केंद्र आहे, पहाटे ५ ते ९ ओट्यापाशी उभं राहून अडीचशे पोळ्या. सात महिने झाले, कंबर उजवीकडून धरते, कधी कधी दुखणं कुल्ल्यापर्यंत उतरतं. एमआरआयमध्ये एल४-एल५ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी फुगलीय असं आलं. तेव्हापासून घरात मला कोणी बादली उचलू देत नाही, पोळ्या मात्र लाटू देतात.

आधी एका ठिकाणी दहा दिवसांचं पॅकेज घेतलं. शेक, करंटच्या चकत्या, मग ट्रॅक्शन, म्हणजे पट्टे बांधून कंबर ताणायची. दहा दिवसांत माझ्या पाठीला माणसाचा हात लागला नाही. फरक शून्य. मग भाचीने दुसऱ्या फिजिओंकडे नेलं. त्यांनी आधी वाकायला लावलं, बोटं कशीबशी गुडघ्याखाली गेली. मग पालथं झोपवून दहा मिनिटं अंगठ्यांनी एकेक मणका दाबत, डोलवत होते. उठून वाकले तर बोटं घोट्याला! रडूच आलं मला. पण चौथ्या दिवशी पुन्हा तेच. असं चार वेळा झालं, दर वेळी ४०० रुपये. शेजारच्या काकू म्हणतात, ते मणका बसवतात आणि तो परत सरकतो. खरं का?

निवृत्त_स्टेअरिंग
ताई, एसटीत एकतीस वर्षं काढली. ही उसण आहे. पायाळू माणूस शोधा आणि कंबरेला पाय लावून घ्या. माझी दोनदा उतरली. खर्च एक कप चहा.

फिजिओ_नाशिक
काका, तुमची उतरली हे खरंच. ताजी उसण बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत आपली आपणच उतरते. त्या वेळी जो हात (किंवा पाय) लावेल त्याला श्रेय मिळतं. आम्हालाही तसंच मिळतं. ताईंचं दुखणं सात महिन्यांचं आहे, गोष्ट वेगळी.

ताई, मणका बसवला वगैरे काही नाही. मणका खरोखर पुढे सरकण्याचा आजार असतो, पण तो अंगठ्याने मागे जात नाही. आणि गादी फुगलेली तर चाळिशीत कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही सर्रास दिसते. दाबल्याने होतं ते असं: आखडून बसलेले स्नायू सैल पडतात, दुखण्याचा गजर थोडा वेळ खाली येतो, वाकायची भीती जाते. काही तास, फार तर काही दिवस. तुमच्या फिजिओंनी आधी आणि नंतर वाकवून पाहिलं, म्हणजे माणूस काम जाणतो. या दाबाच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे फिजिओ जेफ्री मेटलंड यांनी ठरवून दिल्या. पहिल्या दोन हलक्या, दुखणं शमवायला. तिसरी-चौथी सांधा जिथे अडतो त्या टोकापर्यंत नेणारी.

आता माझा प्रश्न. कंबर मोकळी असते त्या तीन दिवसांत तुम्ही काय करता? तेव्हा कंबरेला काम शिकवलं नाही, तर ४०० रुपये दर आठवड्याला जाणारच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर शिफारशी काढल्या. व्यायाम, मसाज आणि हाताने मणक्यांवर करायचे उपचार त्यांत आहेत. ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा मात्र नेहमी वापरू नका म्हटलंय.

एक खूण लक्षात ठेवा. दाबल्यावर किंवा व्यायामानंतर दुखणं कुल्ल्यातून वर कंबरेत सरकलं, तर तिथे थोडं वाढलं तरी घाबरू नका. खाली पोटरीकडे निघालं तर थांबा, फिजिओंना सांगा. पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल. त्याच रात्री.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो
मला एकाने कुशीवर वळवून कंबरेचा कटकन आवाज काढला होता. मस्त वाटलं. ताईंनी तेच का करू नये?

फिजिओ_नाशिक
ती मेटलंडची पाचवी पायरी, झटक्याची. आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा, हाड बसल्याचा नव्हे. शिकलेल्या हाताने, तपासून, चालतं. हाडं ठिसूळ असतील किंवा पायात ताकद कमी झाली असेल तर नको. व्हिडिओ बघून भावाकडून तर अजिबात नको, माझ्याकडे असे दोन पेशंट आलेत.

ताई, तुमची उंची किती आणि ओटा किती?

पोळीवाली_चिंचवड
उंची पाच फूट सहा. टेपने मोजला, ओटा एकतीस इंच. सासूबाईंच्या मापाने बांधलेला.

आणि खरं सांगते, माझ्या फिजिओंनी पहिल्याच दिवशी तीन व्यायाम लिहून दिले होते. पालथं झोपून हातांवर छाती उचलायचा दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. कागद फ्रिजवर लावलाय, दुधाच्या हिशेबाखाली. एकदाही केला नाही.

फिजिओ_नाशिक
वाटलंच. कागद दुधाच्या हिशेबाच्या वर लावा. पोळपाटाखाली चार-पाच इंच उंची द्या, पन्नास पोळ्या झाल्या की हात कमरेवर ठेवून मागे वाका. फिजिओंकडे पंधरा दिवसांतून एकदा जा आणि त्या दिवशी व्यायाम त्यांच्यासमोर करा.

पोळीवाली_चिंचवड
नऊ दिवस झाले. पोळपाटाखाली देवघरातला पाट घेतलाय, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकत नाही. दुखणं कुल्ल्यातून वर आलंय, कंबरेत आहे अजून. काल बादली उचलली, कोणी बघितलं नाही. सासूबाई विचारतायत गणपतीला पाट परत मिळणार का.